ड्रॅगन काढू नको

कुंभवली, १९ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहास बाबांचे अनेक आशीर्वाद.

वसतिगृहात मोबाईल चालत नाय म्हणून टेम्पोवाल्या बुधाच्या हाती चिठ्ठी देतो. आई बरी हाय. माझा खोकला तसाच. इतकी वर्षं ठेकेदाराकडं अ‍ॅसिडची पिंपं हलवतोय, दुसरं काय होणार!

पोरी, रविवारी तुझी बुद्धिबळाची शेवटची फेरी आमच्या मॅनेजर साहेबांच्या स्वराशी हाय म्हणे. सुपरवायझर आनंदा म्हणाला, लवकरच काही जणांना पर्मनंट करणार, साहेबांची पोर हरली तर तुझं तू बघ. तो तुझा मारामारीचा ड्रॅगन बचाव काढू नको. सबुरीनं खेळ. हर असं मी म्हणत नाय. पण तू आईवर गेलीस, नको म्हटलं की तेच करशील! जिवाला जप.

तुझा बाबा

पालघर, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

स्वराने पहिलं प्यादं पुढे सरकवलं आणि मी ड्रॅगनच मांडला. राहवलं नाही हो! यात दोन्हीकडून हल्ला, आधी पोचेल तो जगेल. मी हत्ती देऊन तिच्या राजाचं कवाडच उघडलं. दोन चालींत मात होती, आणि राज्य स्पर्धेला मीच गेले असते.

तेवढ्यात तुमचा खोकला आठवला. माझ्या राजाची राखण करणारा घोडा मी उचलला. लगेच वाटलं, परत ठेवावा; पण हात लावला की तोच मोहरा चालवावा लागतो. तिच्या वजिराने मात दिली. स्वरा माझ्याकडे बघतच राहिली. बाबा, आता तरी पर्मनंट व्हा. आईला नमस्कार.

स्नेहा

कुंभवली, २९ नोव्हेंबर

चि. स्नेहास आशीर्वाद.

कसं लिहू, कळत नाय. साहेबांनी पेढे वाटले. मी पुढं होऊन सांगितलं, हरली ती माझी पोर. त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही कोणत्या प्लांटला असता. त्यांना तू ठाऊक नाय, मी पण ठाऊक नाय. पर्मनंटचं विचारलं, तर असं काही निघालेलंच नाय म्हणाले. आनंदाला धरलं, तर म्हणतो, मी आपलं सहज बोललो, तूच मनावर घेतलंस. पेढा मी तिथंच खाल्ला, साहेबांसमोर थुंकता येईना. माफ कर पोरी. पुढच्या वर्षी खेळशील ना?

तुझा बाबा

पालघर, १ डिसेंबर

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

पुढच्या वर्षी मी या वयोगटात बसत नाही. हे शेवटचंच होतं. तुमचा राग नाही असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं कशाला? राग आहे. तुम्ही सरळ हर म्हणाला असतात, तर मी भांडले असते आणि जिंकले असते. तुम्ही नुसतं सबुरीनं म्हणालात.

सुट्टीत घरी येत नाही. कामावर मास्क लावत जा.

तुमची, आज्ञा पाळलेली,
स्नेहा