सव्वीस घरांचा हिवताप

अकोट तालुका,
रविवार, ८ डिसेंबर १९६३

आदरणीय डोमाजीमामा यांस,

चंद्रभानचा सप्रेम जयभीम. मामीला आणि शाळेत तुमच्याबरोबर घंटा देणाऱ्या रामरावांनाही सांगावा. इकडे आम्ही बरे आहोत. तुमची तब्येत कशी आहे ते कळवावे. (नुसतं 'बरी आहे' लिहून भागवू नये. दुपारी थंडी वाजते का, एक दिवसाआड वाजते का, डोकं ठणकतं का, असं वेगवेगळं लिहावं.)

तुम्ही खेटे घालून हिवताप खात्यात जी नोकरी मिळवून दिली, ती उद्या बहुतेक जाते. आपल्या घराण्यातली ही पहिली सरकारी नोकरी, आणि ती घालवणारा पहिला मीच. काम तसं सोपं. पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, कुणाला ताप आला का विचारायचं, बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, भिंतीवर तारीख टाकायची आणि काचा अकोल्याला पाठवायच्या. तिथून आकडा मुंबईला जातो, मुंबईहून दिल्लीला, आणि त्यावरून फवारणीची गाडी कोणत्या गावी पाठवायची ते ठरतं. साहेबांनी हे शिकवलं तेव्हा मनात म्हटलं, आमच्या गावाचा आकडा वाचायला दिल्लीला वेळ कुठला. तिथंच चुकलो.

वेचणीच्या दिवसांत बाया बोट देत नाहीत, मामा. बोंडांच्या टोकांनी आधीच बोटं सोललेली, त्यात माझी सुई. शिवाय कापसाला रक्ताचा ठिपका लागला की शेतमालक खुशालराव पाटील बोलतात ते वेगळंच. आमच्या शेजारच्या जाईबाईनं तर दारातच सांगितलं, "वेचनी झाल्यावर ये. तवा दाही बोटं घे." महिना संपत आला, हातात काच एक नाही, आणि वरून पत्र, की या गावातून सव्वीस काचा आल्याच पाहिजेत. अशात एका मोठ्या मनाच्या पाहुण्यानं आपण होऊन बोट पुढं केलं. (नाव लिहायला अजून धीर होत नाही.) एका बोटानं भागेना, म्हणून तीन टोचली. सव्वीस काचा भरल्या, त्यांवर सव्वीस घरांतली नावं टाकली आणि मोकळा झालो.

त्या सव्वीसही काचांत हिवताप निघाला.

अकोल्याच्या नकाशात आमच्या गावावर लाल टाचणी लागली. नाल्यापलीकडच्या वस्तीकडे निघालेली फवारणीची गाडी वाटेतून आमच्याकडे वळवली. सव्वीस धडधाकट माणसं पाच दिवस कडू गोळ्या खाताहेत. "मले काईच झालं नाई, काहून खाऊ?" असं जाईबाई रोज विचारते, आणि मी पुढची गोळी तिच्या हातावर ठेवतो. पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या वस्तीत तुमची भाची मैना दिली आहे. तिची दोन्ही पोरं खरोखर कुडकुडत पडली आहेत. गोळ्या मी पोचवल्या, पण डासांवरचं औषध बसणार आमच्या भिंतींवर. मला फार भीती वाटते, मामा, आणि नोकरीपेक्षा त्या पोरांची जास्त वाटते.

उद्या मोठे डॉक्टर येऊन सव्वीस जणांचं रक्त पुन्हा घेणार आहेत. पुढचं तुम्हांला कळतंच. लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
चंद्रभान

ता. क. : तो मोठ्या मनाचा पाहुणा म्हणजे तुम्ही. आपल्या धाकट्या इंदूच्या सोयरिकीला आमच्याकडे आला होता तेव्हाचं आठवा. "घे भाच्या, पन्नास वर्सांत ताप काय असते, मले ठाऊक नाई," असं म्हणत होता आणि भर दुपारी घोंगडी पांघरून उन्हात बसला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. सोबत गोळ्यांची पुडी आहे. आधी गोळ्या घ्या, राग मग काढा.

पुन्हा ता. क. (सोमवार, संध्याकाळ) : पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. डॉक्टर आले. जाईबाई शेतातून धावत आली आणि, "आता घे बाप्पा, पन त्या गोळ्या बंद कर," म्हणून सोललेलं बोट तिनं पुढं धरलं. मग माझ्यानं राहवलं नाही. चारचौघांसमोर सगळं सांगून टाकलं. गाडी तासाभरात मैनाच्या वस्तीकडे गेली. माझ्या नोकरीचं आठवड्यात कळेल. डॉक्टर ओरडले नाहीत, (त्याचीच जास्त धास्ती आहे) फक्त विचारलं, मग हे रक्त कुणाचं? तुमचं नाव, शाळेचा पत्ता, सगळं दिलं. गुरुवारी अमरावतीच्या दवाखान्यातला माणूस तुमच्याकडे येईल. वर 'आधी गोळ्या घ्या' लिहिलं ते विसरा; पुडी तोवर उघडू नका, त्यानं रक्त घेतलं की लगेच सुरू करा. आणि तेवढी एक विनंती, त्याला पाहून शाळेतून पळून जाऊ नका. बोट त्याच मोठ्या मनानं पुढं करा. या खेपेला एकच काच लागेल, आणि तिच्यावर नाव तुमचंच राहील.