उजळलेलं समुद्रफूल

आई,

आमच्या घरात सध्या समुद्रातला एक प्राणी आहे, आणि त्याच्यामुळे तुला लिहायला बसले आहे. कोल्हापुरात समुद्र कुठला, असं तू विचारशील. तुझ्या जावयांनी तो काचेच्या टाकीत आणून ठेवलाय. तू त्यांना पाहिलं नाहीस. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, उसाच्या रसातली साखर मोजण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा हा छंद काढला. रसाची गोडी बघायची एक नळी असते, तसलीच पाण्याचा खारेपणा बघायचीही मिळते. रोज सकाळी टाकीतल्या पाण्याचा थेंब तिच्या काचेवर ठेवतात, उजेडाकडे धरून एक डोळा मिटतात आणि "बेस हाय" म्हणतात. टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी आहे. हे मासे समुद्रात ज्या प्राण्याच्या कुशीत राहतात तो त्यांना हवाच, असं म्हणत यांनी दुकानातून समुद्रफूल आणलं. नाव फूल, पण आहे जनावर. खाली मऊ पाय, त्यानं ते दगडाला धरून राहतं. वर बोटांसारख्या लुसलुशीत शेंड्यांचा झुबका, प्रत्येक शेंडा टोकाला बुडबुड्यासारखा फुगलेला, आणि मधोमध तोंड.

आणलं तेव्हा ते पांढरंशुभ्र होतं. सोललेल्या ताडगोळ्यासारखं, आरपार दिसेल असं. शेजारच्या वहिनी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "आगं बाई, मोगराच की ह्यो!" हे खूश. असा रंग क्वचितच मिळतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे. मीही मोबाइलवर चार फोटो काढले. पण मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, आई. समोर येऊन बसलेल्या बाईची नस शोधता शोधता तिच्या डोळ्यांची खालची कड बघायची मला सवय लागलीय. ती कड लाल आहे की कागदासारखी, हे रक्त काढायच्या आधीच मला कळतं. एका दुपारी जेवणं आटोपून टाकीपुढे बसले होते. फूल उन्हात टाकलेल्या रुमालासारखं आक्रसून बसलं होतं, मासे ढुशा देत होते तरी उमलत नव्हतं. आणि मला एकदम वाटलं, ह्याला पापणी असती तर खाली ओढून बघितली असती.

रत्नागिरीला एक बाई असे मासे घरी वाढवतात. त्यांना मी फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "ताई, ह्याचं तोंड मिटलेलं आहे का? पाय घट्ट धरतोय का?" दोन्हीला मी हो म्हटलं. "मग अजून आशा आहे. पण हा ह्याचा रंग नव्हे. हे तपकिरी असतं. ह्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि ह्याला भरवतं. वाहतुकीत, अंधारात ते निघून गेलंय. तुम्हाला सुंदर दिसतंय ना, ते उपाशी आहे." मी फोन ठेवला. हे विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या.  पण मी टाकीजवळ नव्हतेच. मी आपल्या कागलजवळच्या घरात, चुलीपुढे उभी होते.

मिरच्या भाजून मसाला कुटायचे दिवस आहेत. तू उखळापाशी बसली आहेस. दरवर्षी एकटीनं घाण्यावर घाणे काढणारी तू, मुसळ टेकवून मधेच थांबतेस, पदरानं वारा घेतेस. आबांची थोरली बहीण, आमची आत्ती, जत्रेला आली आहे. दारातनंच ती ओरडते, "वैनी! उजाळलीस की गं! काय लावतीस त्वांडाला?" सगळे हसतात. तू लाजतेस. मी तुला त्याआधी कधी लाजताना पाहिलं नव्हतं. जन्मभर तू काळी म्हणून ऐकून घेतलंस. लग्नात सासूनं मांडवातच "आमच्या पोराची फसगत झाली" म्हटलेलं तू मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतंस, हसत, दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं. फिकट रंग आपल्याला शोभत नाहीत म्हणून तू सगळ्या साड्या गडद घेतल्यास, जांभळ्या, हिरव्या, विटकरी. आणि त्या वर्षी आबांनी बाजारातून लिंबाच्या रंगाची साडी आणली. ते स्वतःहून कधी काही आणणारे नव्हते. तुझ्या मांडीवर पुडकं टाकून म्हणाले, "आता खुलंल तुला." तू ती घडी किती वेळ नुसती हातात धरून बसली होतीस.

तीच साडी नेसून तू नृसिंहवाडीला आलीस. घाटाच्या पायऱ्या चढताना मधेच खाली बसलीस. ओठ पांढरे. मी म्हटलं, "आई, काय होतंय?" तर म्हणालीस, "काय न्हाय गं, ऊन लागलं. तू हो फुडं, दर्शन चुकंल." मी पुढे गेले. घरी तू तांदूळ निवडताना मूठमूठ कच्चे तांदूळ खायचीस, धाकट्याच्या पाटीच्या पेन्सिली मोडून तोंडात टाकायचीस, आणि आम्ही त्याची चेष्टा करायचो. तुझं महिन्याचं बाहेर बसणं लांबत चाललं होतं, तेही घरात सगळ्यांना दिसत होतं. पण ती बोलायची गोष्ट नव्हती. रक्त चाललंय, असं कुणी म्हटलं नाही. उजळलीस, असं मात्र प्रत्येकानं म्हटलं. मी तुझ्यावर गेलेय, तुझ्याच रंगाची. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, आणि आरशात बघून मला वाटायचं, मोठेपणी मीपण अशीच उजळेन.

मसाल्याचे डबे भरायचे राहिले होते, त्या सकाळी तू न्हाणीच्या दारात पडलीस. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुझी पापणी खाली ओढली, नखं दाबून बघितली आणि आबांकडे वळून विचारलं, "हिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. इतके महिने घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" आबा टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "सायेब, आमाला वाटलं, उजाळली."  आबांनी रक्त द्यायला बाही वर सरकवली होती. पण तुझं हृदय दमून गेलं होतं, आई. आबांची बाही तशीच वर राहिली.

तर हे फूल मी जगवायला घेतलं. माशांना वेगळ्या टाकीत काढलं. एकदम उजेड दिला तर भाजतं म्हणून दिवे आधी मंद केले आणि मग आठवड्या-आठवड्यानं वाढवत नेले. बाजारातून कोळंबी आणली आणि पहिल्याच दिवशी चांगला मोठा तुकडा चिमट्यानं त्याच्या तोंडावर ठेवला. त्यानं तो ओढून घेतला, माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सगळा ओकून टाकलेला. हे म्हणाले, "आगं, जेवायला आलेल्या पावण्यागत आग्रह करू नगंस. बाळंतिणीला घालत्यात तसं घाल, जरा जरा." मग मी तांदळाच्या कणीएवढे तुकडे करू लागले. कधी घ्यायचं, कधी हातातून सोडून द्यायचं. उन्हाळ्यात वीज गेली की पाणी तापायचं, तेव्हा बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवून आम्ही दोघं पाळीपाळीनं बसायचो. कामावरून आले की चपला काढायच्या आधी मी त्याचं तोंड मिटलेलं आहे ना, ते बघायची. एकदा तर हे चिडले. "माज्या ब्लडप्रेशरचं इचारलंस का कवा एवढं?" मी त्यांची गोळी आणि पाणी पुढे ठेवलं. तुझ्याबद्दल मी त्यांना इतकंच सांगितलंय, की तू आजारानं गेलीस.

पावसाळा सरता सरता त्याच्या बुडख्याशी चहाच्या डागासारखा रंग दिसला. मला वाटलं, घाण बसली. रत्नागिरीच्या बाई फोटो बघून म्हणाल्या, "आलं हो, आलं परत." हळूहळू तो रंग शेंड्यांपर्यंत चढला. आता ते ओल्या मातीसारखं तपकिरी दिसतं, भरलेलं, जाडजूड. मासे त्याच्यात लोळतात. परवा शेजारच्या वहिनी आल्या आणि टाकीपुढे थबकल्या. "का ओ, काळं पडलं की तुमचं फूल! किती देखणं हुतं. पाणी खराब झालंय काय?"

"न्हाय वहिनी," मी म्हटलं, "आता बरं झालंय ते. तेव्हा मरायला टेकलं होतं." माझा आवाज एवढा चढला की हे आतून बाहेर आले. वहिनी ओशाळल्या. मी चहा टाकायचं निमित्त करून आत गेले आणि पाणी उकळून आटेपर्यंत तशीच उभी राहिले. हा हिचा रंग नव्हे, एवढंसंच वाक्य होतं. आत्ती दारात उभी होती तेव्हा, आबांनी पुडकं मांडीवर टाकलं तेव्हा, घाटावर, कुठंही कुणीतरी म्हणायला हवं होतं. चौदा वर्षांच्या पोरीला ते कळण्यासारखं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. रोज माझ्यासमोर येणाऱ्या बायकांना मी ते सांगते, त्यांच्या नवऱ्यांना बोलावून सांगते. काही वाचल्याही असतील. त्यानं तुझ्याकडचं काही भरून निघत नाही.

हे पत्र यांना दाखवावं असं लिहिताना दोनदा वाटलं. नाही दाखवणार, आणि तुझ्यापर्यंतही ते पोचणार नाही, म्हणून शेवटचं एक लिहिते. तू आठवतेस तेव्हा अजूनही त्या शेवटच्या वर्षातलीच डोळ्यांपुढे येतेस. एवढं सगळं कळून, इतकी वर्षं हेच काम करून, आजही आधी मनात येतं ते हेच, की आई, तू तेव्हा फार छान दिसत होतीस.