तोंडात टाचण्या

प्रिय टाचणीबाई,

रागावू नकोस. पंचविशी उलटलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीला कुणी अशी हाक मारत नाही, हे मला कळतं. पण चार वर्षांची असताना तू माझ्या मशीनखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करायचीस, तेव्हा पडलेलं हे नाव आहे, आणि मामाने ठेवलेलं नाव सहजासहजी सुटत नसतं. तुझी आई म्हणते, फोन कर. पण फोनवर तू मला धड बोलू देणार नाहीस, दुसऱ्याच वाक्याला म्हणशील, जाऊ दे रे मामा. म्हणून हे पत्र. अक्षर लावून वाच. या हाताला कापडावर खडूने रेघा मारायची सवय, कागदाची नाही.

दुकानात अजून तुझाच विषय चालू आहे. गल्ल्यावरच्या बाईंनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिलाय, की तुझं वाक्य त्या अगदी तुझ्या आवाजात म्हणून दाखवतात. दारावरचा रखवालदार मला विचारतो, भाची पुन्हा कधी येणार. मीही खोटी नम्रता दाखवत नाही. सांगतो, माझीच भाची, लहानपणापासून अशीच आहे. खरं तर लहानपणी तू झुरळ दिसलं की टेबलावर चढायचीस, पण ते मी सांगत नाही.

त्या दिवशी तू माझा विसरलेला चष्मा द्यायला आली होतीस. मी आरशासमोरच्या पाटावर त्या गिऱ्हाइकाला उभं करून, गुडघे टेकून त्याच्या पँटची उंची टाचत होतो. एक पाय झाला होता, दुसरा व्हायचा होता. तेवढ्यात इस्त्रीताई त्याचा कोट घेऊन आल्या. अकरा वर्षं त्या आमच्याकडे इस्त्री करतात. समुद्रापलीकडच्या देशातून आलेल्या, रंगाने काळ्या, आणि आमच्या अख्ख्या दुकानात कापडाची नस ओळखणारं एकच माणूस. तू पडद्यापाशी पोचलीस तेव्हा तो गृहस्थ ओरडत होता. त्यांच्या रंगावरून, केसांवरून, त्यांच्या देशातल्या लोकांना माणसात कोण मोजतं, असलं काहीबाही. आणि तू फोन वर धरलास. चित्र जरा हललंय. पण आवाज हलला नाही. तू म्हणालीस, "काका, आत्ता म्हणालात ते जरा इकडे बघून परत म्हणा."

अगं, काय वाक्य होतं ते! ना शिवी, ना आरडाओरडा. त्याने एकदा तुझ्या फोनकडे पाहिलं. मग तोंड लपवत पाटावरून उतरला आणि तसाच बाहेर निघाला, एक पाय आखूड, एक पाय लोळता, आणि पावलागणिक घोट्याला टाचणी टोचतेय. लाखो लोक हसले त्या चालीला. चाळीस वर्षांच्या माझ्या शिवणकामाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि झालं तेही अर्धवट कामाचं.

पण मला खरा अभिमान वाटला तो नंतर. लोकांनी त्याचं घर शोधलं, त्याच्या मुलीची शाळा शोधली, तेव्हा तू हात झटकून मोकळी झाली नाहीस. तू व्हिडिओखाली लिहिलंस, बोलला तो, उत्तर त्याने द्यावं. त्याच्या मुलीचं नाव इथे कुणी घ्यायचं नाही. लोक तुझ्यावरच उलटले, भित्री म्हणाले. तू जेवणखाण सोडून दोन दिवस एकेक घाणेरडं वाक्य पुसत बसली होतीस, हे मला तुझ्या आईने सांगितलं. एखाद्याचं वागणं चव्हाट्यावर आणायचं आणि त्याच्या पोरीला मात्र जपायचं, हे दोन्ही एका माणसाला जमतं, हे मी तुझ्याकडे बघून शिकलो.

आता दुकानातली दुसरी बातमी, जी तुला अजून कुणी सांगितलेली नाही. तू दुखावशील म्हणून इस्त्रीताईंनीच सगळ्यांना बजावलंय. त्या गृहस्थाने मालकांकडे लेखी तक्रार केलीय, की व्हिडिओ मधूनच सुरू होतो. त्याआधी या बाईने माझा कोट माझ्या अंगावर फेकला आणि मला शिवी दिली, म्हणून माझा तोल गेला. मालकांनी चौकशी होईपर्यंत इस्त्रीताईंना घरी बसायला सांगितलंय. तीन आठवडे झाले. इस्त्रीच्या टेबलावर नवीन माणूस आहे, रेशमावर पाणी मारून डाग पाडतो.

आधी काय झालं, ते ऐकणारा माणूस एकच होता. मी. मालकांनी मला विचारलं, आणि मी म्हणालो, माझं लक्ष टाचण्यांकडे होतं, मला काही ऐकू आलं नाही.

तुला माझी सवय माहीत आहे. टाचण्या ओठांत धरायच्या आणि काम करायचं. मी शिकत होतो तेव्हा आमचे मास्तर म्हणायचे, टाचण्या तोंडात असताना बोललास तर गिळशील. ती शिस्त माझ्या फार कामी आली. गिऱ्हाईक काहीही बोलो, माझ्यावर बोलो नाहीतर दुसऱ्यावर, मला उत्तर द्यावं लागत नाही. मूग गिळायला लोकांना कष्ट पडतात, माझी आयती सोय होती. त्या दिवशी माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्या हातावर काढून ठेवायला किती वेळ लागतो, हे तुला मी सांगायला नको.

तुझ्या व्हिडिओत खाली कोपऱ्यात, माझ्या जागी एक धुरकट ठिपका आहे. मला वाटलं होतं, मामाची नोकरी जाऊ नये म्हणून केलं असेल पोरीने. मग गेल्या रविवारी तुझ्या आईने तिच्या फोनवर मूळचा व्हिडिओ दाखवला, तू तिला आधी पाठवलेला. त्यात धुरकं नाही. त्यात मी मान वर करतो. इस्त्रीताईंच्या तोंडाकडे बघतो, चांगलं नीट बघतो. मग मान खाली घालून पँटला पुढची टाचणी लावतो.

हे तू पाहिलं होतंस. पाहिलंस, झाकलंस आणि मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. त्या संध्याकाळी मला चहा करून दिलास. मी तुझ्या आईसमोर रडलो, म्हातारपणी. तिने आधी रडू दिलं आणि मग झापलं, तेही बरोबरच होतं.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच. काल मी इस्त्रीताईंच्या घरी गेलो. मालकांशी खोटं बोललो हे त्यांना सांगितलं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पण स्वतः उभ्याच राहिल्या, आणि मी ते सोसलं. चौकशी बुधवारी सकाळी आहे. मी सांगणार आहे, की त्यांनी कोट फेकला नाही, शिवी दिली नाही. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की हा डाग नाही, कापड दबून आलेली चमक आहे, वाफेने जाईल. त्यावर तो म्हणाला, "त्या काळ्या हातांनी माझ्या कोटाला शिवायचं नाही." तेव्हा त्यांनी कोट टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या. मी दोन हातांच्या अंतरावर होतो, मला सगळं ऐकू आलं. मालक विचारतील, मग आधी नाही का म्हणालास. त्याचं उत्तर तुझ्या मूळच्या व्हिडिओत आहे. तर तो धुरकं नसलेला व्हिडिओ मंगळवारपर्यंत मला पाठव; तुझ्या आईकडून घेता आला असता, पण तो तुझ्या हातून हवा. लोकांना दाखवायचा असेल तर त्यांनाही दाखव, माझी ना नाही. आणि हो, नोकरी लागल्यावर तू मला मनगटाला बांधायची टाचण्यांची उशी आणली होतीस, आठवतंय? मी तुला हसलो होतो, बांगड्या घालू का म्हणून, आणि खणात टाकून दिली होती. आज सकाळपासून ती हाताला आहे.

तुझाच,
मामा