चाकं लावलेला पलंग

तात्या, तुमचा पलंग मी मोडला. मोडला म्हणजे कुऱ्हाड नाही चालवली; तुम्ही सोडवायचात तसाच, पाचरी ठोकून ठोकून सैल केल्या, एकेक दांडी सुटी केली आणि त्या सागवानाचा गच्चीवर सोलरच्या प्लेटांसाठी स्टँड केला. मी आता पाथरीला तुमच्या लेकाच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. आमचे हे गेल्यावर तोच मला, तुम्ही मागं ठेवलेल्या पलंगासकट, घेऊन आला. मी ब्लाऊज शिवते, मशीनला मोटार आहे, आणि इथली लाईट नेमकी दुपारी, हातात काम असताना जाते. म्हणून शिलाईच्या पैशातून दोन प्लेटा घेतल्या. बसवणारा माणूस लोखंडी अँगल घेऊन आला आणि थेट स्लॅबला भोक पाडायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, भोक पाडायचं नाही, स्टँडचं मी बघते.

हे माझं नव्हतं, तुमचं बोलणं होतं. तुम्ही वालूरच्या शाळेवर होतात तेव्हा, मग सोनपेठला, जिथं बदली होईल तिथं आपण भाड्यानं राहिलो आणि तुम्ही आईला कॅलेंडरपुरता खिळासुद्धा ठोकू दिला नाही. "दुसऱ्याच्या भिंतीत ठोकलं की ते त्याचं झालं," म्हणायचात. आपलं कॅलेंडर कायम कोनाड्यात, आजाऱ्यासारखं टेकून बसलेलं. सोनपेठची घरमालकीण धपाटे पाठवायची, तर तुम्ही ते दोन्ही बाजूंनी उलटून बघायचात. "आज धपाटे आले, उद्या भाडं वाढंल." आणि मग सगळ्यात जास्त तुम्हीच खायचात. पलंगही तुम्ही बिनखिळ्याचा करून घेतलात, बदलीचा कागद आला की टेम्पो दारात यायच्या आत तो सुटा होऊन अंगणात पडलेला असायचा. आम्ही भावंडं त्या दांड्यांवर बसून रडायचो, तुम्ही दोरी आवळत असायचात.

तर दोन लांब दांड्या खाली आडव्या टाकल्या. मागचे पाय उंच ठेवले, पुढचे कापून बुटके केले, म्हणजे प्लेटा दक्षिणेकडं कलत्या राहतात. जोडाला पुन्हा त्याच पाचरी, वाऱ्यानं उलटू नये म्हणून तळाच्या चौकटीत दगड भरले, आणि चार कोपऱ्यांना ब्रेकची चाकं. शेजारच्या सुतारानं चाकांपुरती भोकं पाडून दिली, बाकी सगळं मी केलं. दुपारनंतर पाण्याच्या टाकीची सावली पडते म्हणून स्टँड सरकवावा लागतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. सावली पडते हे खोटं नाही. पण घर भावाचं. उद्या निघायची वेळ आली तर माझी वस्तू मला ढकलत नेता आली पाहिजे, हे मनात होतं.

भाऊ वर आला, स्टँडभोवती फिरला, वाकून चाकांकडं बघितलं. "अक्का, चाकं कशाला लावलीस?" मी सावलीचं सांगितलं. तो नुसतं हूं म्हणाला आणि खाली गेला. ते हूं मला आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी कपडे वाळत घालता घालता विचारते, "लय जड हाय का वो? दोघं जण उचलतेत का?" झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. उचलायची गोष्ट का काढली? मग त्या दोघांचं जिन्यातलं बोलणं मी आले की थांबायला लागलं, की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे. मी वहिनीनं दिलेली भाजीची वाटी हातात धरून विचार करत बसायचे. तुमच्यासारखीच, तात्या.

आणि गेल्या आठवड्यात मी बटणं आणून परत येते, तर गच्चीवर भाऊ आणि गवंडी. टेप ताणलेला, खडूच्या रेघा. माझा स्टँड कोपऱ्यात सरकवलेला. पुतण्याचं लग्न ठरत आलंय. इथं खोली निघणार आणि मी निघणार, सगळं लख्ख दिसलं मला. मी जिन्यातूनच बोलले, "मला आधी सांगायचं होतंस. मी माझी सोय केली असती."

भावानं खडू खाली ठेवला. गवंडीच म्हणाला, "मालक इथं चौथरा करा म्हणायलेत बाई. तुमच्या प्लेटासाठी."

भावानं त्याला खाली चहाला पाठवलं. मग म्हणाला, "वावटळ आली तर ते दगडं काय करणार? पक्कं करून देऊ म्हणलं." चाकांकडं बघत म्हणाला, "तू हे लावलीस तवापासून मला झोप न्हाई. तात्याचं सामान असंच बांधलेलं असायचं. अक्का, तुला जायचंय का इथून? आमचं काई चुकलं का?"

म्हणजे मी ज्या चाकांनी त्याच्यापासून सावध राहिले होते, तीच बघून तो मी जाईन म्हणून धास्तावला होता. मला तिथल्या तिथं त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. "नाही रे" एवढंच म्हणायचं होतं. पण तात्या, मी लगेच म्हणू शकले नाही. आत काहीतरी अजून विचारत होतं, हा गोड का बोलतोय? नाही म्हणाले मी, पण उशिरा. तो उशीर त्याला कळला. त्यानं मान हलवली, टेप गुंडाळला आणि खाली गेला. चौथऱ्याचं काम तेव्हापासून तसंच थांबलंय. रेघा पुसत चालल्यात.

मला तुमचा राग येतो. तुम्ही आम्हाला बाहेरच्या जगापासून सांभाळलंत, पण आपल्या माणसापाशी दोरी कधी सैल सोडायची ते नाही शिकवलंत. कदाचित तुम्हालाही ते कुणी शिकवलं नसेल. हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही उलटून बघणार नाही.

तात्या, मला कुठं जायचं नाही. मला इथंच राहायचंय. हे तुम्हाला सांगितलं. तो खाली ओसरीवर बसलाय, त्याचं खाकरणं इथवर ऐकू येतंय, आणि त्याला मी अजून सांगितलेलं नाही.