रॅगिंग : निरंक

१ ऑगस्ट, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात.
अनघा मॅडमनी मला कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून घेतलं. नाट्यमंडळाचा अध्यक्ष तर मी आहेच. अख्ख्या वणीत एका माणसावर इतकी जबाबदारी कुणी टाकली नसेल. रोज समितीच्या वहीत अहवाल लिहून सही करायची. आजचा लिहिला : रॅगिंग निरंक. फर्स्ट इयरचे वर्ग अजून सुरूच व्हायचे आहेत, पण सुरुवात चांगली झाली.
संकल्प : माझ्या मंडळात एकाही पोराला त्रास होणार नाही. मला फर्स्ट इयरला सिनियर्सनी मुर्गा करून मैदानाला फेरी मारायला लावली होती. मी ते केव्हाच विसरलो. १७ ऑगस्ट होती, दुपारचे साडेबारा.

२ ऑगस्ट
रॅगिंग टाळायचं तर शिस्त हवी. ‘नवोदित कलावंत आदर नियमावली’ तयार केली. एकूण नऊ नियम. सिनियरला भाऊ म्हणावे. बोलताना नजर त्याच्या बुटांवर ठेवावी (एकाग्रता). चहा काठोकाठ आणावा, सांडू नये (तोल). चुकल्यास मुर्गा (प्राणी-अभिनय). खाली तारीख, सही. लॅमिनेशन करून घेतलं. दिसायला फार छान दिसते.

४ ऑगस्ट, सोमवार
मंडळात फर्स्ट इयरची ओळख. अकरा जण. मारेगावहून येणारा एक पोरगा आहे, नाव उकंडा, म्हणजे चक्क उकिरडा. आम्ही सिनियर्स पोट धरून हसलो. त्याला बाकावर उभं करून नाव दहा वेळा सांगायला लावलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. बाहेरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, नटाने आवाज कमवायलाच हवा. सहाव्या वेळी त्याचा आवाज फाटला, दहाव्या वेळी आलाच नाही. मेहनत घ्यावी लागेल.
दीपमाला म्हणून एक मुलगी आहे, ती हसली नाही. विनोदाची जाण कमी. वर मला विचारते, त्याले काहून उभं केलं. मी म्हटलं, हा व्यायाम आहे, आणि बुटांकडे बघून बोल. तिने बघितलं आणि म्हणाली, भाऊ, लेस सुटली तुमची.
खरंच सुटली होती.
वही : निरंक.

६ ऑगस्ट
उकंडा कालही नाही, आजही नाही. मारेगावच्या बसचा काही भरवसा नाही. दीपमाला म्हणाली, बस येऊन राह्यली बराबर, त्याचीच हिंमत नाही राह्यली. ही मुलं बोलतात फार नाटकी. मंडळाला ते बरंच आहे.
निरंक.

७ ऑगस्ट, दुपारी १.१५
उकंडा ऑफिसात टीसीचा अर्ज मागत होता म्हणे. बसच्या पासला लागत असेल. खेड्यातल्या मुलांना कागदपत्रांचं काही कळत नाही, कुणीतरी मदत करायला हवी. उद्या करतो.

८ ऑगस्ट
जमलं नाही. मोठं काम आलं. बारा तारखेला अँटी-रॅगिंग दिवस, मॅडमनी मंडळाला नाटुकलं बसवायला सांगितलं. दिग्दर्शक अर्थात मी. दीपमाला म्हणाली, मी लिहितो. लिही म्हटलं. नव्या पिढीला संधी दिली पाहिजे.

१० ऑगस्ट, रविवार
स्क्रिप्ट वाचली. त्यातला सिनियर फारच भडक. नियम काय काढतो, चहा काय मागवतो. मी स्पष्ट सांगितलं, असा माणूस जगात असू शकत नाही. सगळं फर्स्ट इयर माझ्या बुटांकडे बघत होतं. पटलं असावं.
तरी मॅडमना आवडली म्हणून ठेवली. सिनियरचं काम दीपमाला करणार. खिशात हात घालून कसं उभं राहायचं, एक भुवई कशी चढवायची, मीच करून दाखवलं. पोरगी एकदा बघते आणि तंतोतंत करते. गुरूकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.
ज्युनियरच्या कामाला कोण, असं विचारलं. म्हणाली, हाये एक, घरीच तालीम करून राह्यला.

११ ऑगस्ट
नियम वाचायच्या प्रसंगाला म्हणे साधा कोरा कागद धरणार होते. स्टेजवर वस्तू अस्सल हवी. माझी लॅमिनेशनवाली नियमावली दिली. गॉगलही दिला. दिग्दर्शकाला त्याग करावा लागतो.
निरंक.

१२ ऑगस्ट, दुपारी ३
हॉल खचाखच. दीपमाला गॉगल लावून आली, भुवई चढवली आणि अख्खा हॉल माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागला. दिग्दर्शक म्हणून मी उठून तीनदा नमस्कार केला. टाळ्या वाढल्या. ती एकेक नियम वाचत गेली. चहाच्या नियमाला मॅडमनी चष्मा काढला. नववा नियम झाल्यावर तिने खालची सही वाचली, तारखेसकट. मी तेव्हा उभाच होतो.
मग ज्युनियर आला. उकंडाच. बाकावर चढला आणि नाव एकदाच सांगितलं, हळू. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. म्हणाला, माह्या आधीचे दोन भाऊ जगले नाही. मी झालो तं मायनं मले उकिरड्यावर ठेवलं आन् मावशीनं उचलून घरात आणलं, नजर नको लागाले म्हणून. तवापासून उकंडा. मायले हे नाव लय आवडते. हसा आता.
कुणी हसलं नाही. माझीच भुवई अजून वर होती, ती खाली घेतली.
वही लिहायची राहिली.

१३ ऑगस्ट
दोन्ही पदं गेली. नाट्यमंडळ दीपमालाकडे. मी म्हटलं, मला कुणी आधी सांगितलं असतं तर. मॅडमनी वही उघडून पुढे ठेवली. रोजची सही माझीच.
मॅडमनी उकंडाला विचारलं, याला काय शिक्षा करायची. म्हणाला, शिक्षा नको. यायनं मले नाव सांगाले लावलं, विचारलं कधीच नाही. एकदा विचारा म्हणा.
विचारलं. त्याने सांगितलं. तो माझंही विचारेल म्हणून मी तयार होतो. नाही विचारलं.
लाज वाटली. मुर्गा होऊन मैदानाला फेरी मारताना वाटली होती, तितकीच.

१८ ऑगस्ट, सोमवार
उकंडाने टीसीचा अर्ज मागे घेतला. बसचा पास त्याच्याकडे पहिल्यापासूनच होता, असं कळलं.
तालमीला गेलो. दारात थोडा वेळ उभा राहिलो. कुणी आत बोलावलं नाही, कुणी हाकललंही नाही. प्रायश्चित्त म्हणून सगळ्यांचा चहा आणायला निघालो. बारा कप, काठोकाठ, एक थेंब न सांडता आणून दाखवणार होतो. दीपमाला म्हणाली, बसा भाऊ, इथं आता जो तो आपला आपण आणते.
बसलो. थोड्या वेळाने उठून आपला आणला. थोडा सांडला. कुणी बघितलं नाही.
शेवटी दीपमालाने वहीत लिहिलं : रॅगिंग निरंक. अक्षर माझ्याइतकं चांगलं नाही. मी खिशातून पेन काढून ठेवलं होतं. सही उकंडाने केली.