चुन्याखालची गेरूची बोटे

मी, विश्राम सगुण तोंडवळकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जत्रांतून खाजे विकणे, हल्ली अंथरुणावर, राहणार मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. तसा दाखला डॉक्टर कुशे यांनी सोबत जोडला आहे. मला घाई आहे, तेव्हा घराचे आधी.

१. बाजारामागचे तीन खोल्यांचे कौलारू घर माझ्या कमाईचे आहे. मधल्या खोलीत मी राहतो. उजवीकडे सुभद्रा गोविंद कांदळकर, विधवा. डावीकडे बाळा शिंपी, बायकोमुलांसह. मध्ये फक्त फळ्या आहेत आणि माझे कान तिखट आहेत.

१९५९ साली मी हे घर घेतले तेव्हा सुभद्रा नवऱ्यासह आत राहतच होती. जुन्या मालकाने विचारले, "रिकामे करून देऊ?" मी म्हटले, राहू देत, घर झाडलेले राहील. माणसे आत आहेत म्हणून किंमतही उतरवून घेतली, ते खोटे कशाला बोलू?

२. भाड्याची पावती मी कधी दिली नाही. भाडे मिळाले की त्यांच्या दाराच्या आतल्या भिंतीवर गेरूचे एक बोट उठवायचे, ही आमची रीत. दरवर्षी गणपतीआधी घराला चुना लागे, पण तेवढी भिंत दोघेही सोडून देत.

३. गेल्या श्रावणात मी तळेऱ्याच्या बाबली साटम यांना हे घर विकण्याचे साठेखत करून दिले. त्यात लिहिले, 'घरात कोणीही भाडेकरू नाही.' मुलगा काशिनाथ याला विरारला खोली घ्यायची होती; इसार त्यात गेला. पण सही माझी आहे.

मग गणपतीआधी मी दोघांना चुना फुकट आणून दिला. बाळा म्हणाला, "दादानू, औंदा सूर्य खंयसून उगवलो?" मी हसलो. कुंचला घेऊन दोन्ही भिंती मीच रंगवल्या. सुभद्रा म्हणाली, "दादानू, थंय बोटां आसत." मी म्हटले, "आसांदेत गो, नवी घालूया." नवे एकही घातले नाही. भाडे मात्र घेतले.

४. दसऱ्यापासून मी पडून आहे. सुभद्रा दोन वेळा पेज आणून भरवते. परवा फळीपलीकडून बाळाचा आवाज आला, "वयनी, तू तेका पेज घालतंस आणि तो तुका भायर घालूक बसलो हा."

ती म्हणाली, "माका म्हायत आसा. तळेऱ्याची माणसां टेप घेवन इली तेवाच कळला. पण दुखणेकऱ्याशी काय भांडतलंय? बरो होवंदे, मगे बघ."

मी बरा होणार नाही. तिचे भांडण राहून जाईल.

५. आतली माणसे राहू द्या, असा बाबलीला निरोप धाडला. त्याने साठेखत वाचा असे कळवले. काशिनाथला पत्र घातले. त्याचे उत्तर: "बाबा, पावती नाही तर भाडेकरू नाही, हे तुम्हीच मला शिकवलेत." खरे आहे, मीच शिकवले. खरेदीखत एक डिसेंबरला आहे. तोवर मी गेलो तर सही काशिनाथ करील आणि दोन चुली रस्त्यावर येतील. आज घाईने पावत्या फाडल्या तर बाबली म्हणेल, मरणाऱ्याकडून लिहून घेतल्या. म्हणून रजिस्ट्रारसाहेबांना घरी बोलावून हे नोंदवत आहे.

६. साठेखत आता मोडता येत नाही, असे वकील सांगतात. ठीक. घर बाबलीला जाईल, पण माणसांसकट जाईल. मी लिहून देतो की सुभद्रा १९५९ पासून आणि बाळा १९६८ पासून माझे भाडेकरू आहेत. आजपर्यंतचे भाडे मला पोचले, काही बाकी नाही. हे कलम हीच त्यांची पावती. साठेखतातले ते वाक्य खोटे आहे आणि ते मी जाणून लिहिले. त्यापायी बाबलीला भरपाई द्यावी लागली, तर ती माझ्या पोस्टातल्या पैशांतून द्यावी.

७. उरेल ते काशिनाथचे. मात्र त्याने कलम सहाला हरकत घेतली, तर ते सून सत्यवती हिचे. कढई, झारा आणि जत्रेतली पिंपळाखालची जागा तिलाच. तिला पाक कळतो. बाबू खाजेवाल्याला झारासुद्धा देऊ नये, मागितला तरी. तो आले कमी घालतो.

८. व्यवस्था आजगावकर गुरुजींनी पाहावी. गुरुजी, हात जोडतो, माझे दिवस होईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याच दिवशी पंचांना घेऊन दोन्ही खोल्यांत जा आणि दाराआतला चुना ओल्या फडक्याने हळू उतरवा. खरवडू नका. खाली बोटे आहेत. माझ्या उजव्या तर्जनीचे टोक पाकात भाजून चपटे झाले आहे. तसे बोट मालवणात दुसऱ्याचे नाही.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे. सही माझीच. कायद्याला अंगठा लागतो, तो दिला आहे. त्याशेजारी गेरूत बुडवून तर्जनीही उठवली आहे. भिंतीशी ताडून पाहावे. वाटी सुभद्रेने धरली.

मालवण, दिनांक १४ नोव्हेंबर १९८६

(सही) विश्राम सगुण तोंडवळकर
डाव्या हाताचा अंगठा. उजवी तर्जनी, गेरूत.

आमच्यासमक्ष सही केली:
१. जगन्नाथ आजगावकर, निवृत्त शिक्षक
२. डॉ. यशवंत कुशे