मागची तार

३ जुलै
अखेर बोट माझी! ऑगस्टस गेल्यापासून वर्षभर ती टिरेल बेच्या खाडीत नुसती शेवाळ धरत होती. आज त्याच्या बायकोनं, इनेजमावशीनं, पैसे मोजून घेऊन चावी माझ्या हातावर ठेवली आणि मी शेजारच्या बेटावरून बाडबिस्तरा घेऊन बोटीवर राहायलाच आलो. दहा वर्षांपूर्वी याच बोटीवरून ऑगस्टसनं मला शर्यतीच्या दिवशी उतरवलं होतं. अख्ख्या धक्क्यासमोर म्हणाला होता, साधी गाठ मारता येत नाही तुला, जा, मासे साफ कर! आता ऑगस्टच्या शर्यतीत सुकाणू माझ्या हातात असेल. जळ म्हणावं मातीत पडल्या पडल्या!

त्याच्या थडग्यावर अजून दगड बसलेला नाही. मावशी म्हणाली, दगड बसवून गावजेवण घालेपर्यंत माणूस कुठं जात नाही रे बाबा, तोवर बोटीला पाना लावू नकोस. जेवण डिसेंबरात. शर्यत काय तोवर थांबणार आहे?

६ जुलै
डोलकाठीला मागून धरणारी पोलादी तार स्वतःच बदलतोय. जुनी सात मिलिमीटरची होती, नवी आठची. जुनी तुटली तेव्हा सपकन ऑगस्टसच्या मानेवर बसली. काठी तेव्हापासून दोरांवरच तगून आहे.

खालच्या कड्याला जुन्या तारेचा तुकडा लोंबत होता. तीन पेडांवर माझ्या कानशीचे घाव स्वच्छ दिसतात. बोट आमच्या बेटावर नांगरली होती तेव्हाचे. त्याची शर्यत बुडावी एवढंच मनात होतं, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? तो गेल्याची बातमी कळली तेव्हा बरं वाटलं.

तुकडा पाण्यात फेकला.

८ जुलै
नवी तार चढली. तार ताणणारा खालचा स्क्रू बेतानं आवळला, फिरू नये म्हणून पिना घातल्या. सुरेख काम!

९ जुलै
सकाळी स्क्रू तीन फेरे जास्त आवळलेला. पिना जागच्या जागी. सैल केला.

११ जुलै
पुन्हा. तार अति ताणली की बोट वाकते आणि आतल्या खोलीचं दार चौकटीत अडकतं. आज दार खांद्यानं ढकलावं लागलं. स्क्रू सोडायला गेलो तर पाना हातातच उलटा फिरला. मनगट सुजलंय. बोट सोडून जाऊ? धक्क्यावरचे पुन्हा हसतील. नाही.

१२ जुलै, दुपार
आत अडकलोय. दार हलत नाही. वरची झडपही. कुऱ्हाड बाहेर— वर स्क्रू फिरतोय, ऐकू येतंय—

मावशी होडीतून आली. ओरडलो, दार फोड! तिनं शांतपणे विचारलं, तार कुणी कापली?

सांगितलं. सगळं.

म्हणाली, रोज रात्री त्याच्या तोंडून ऐकते. एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

वल्ह्यांचा आवाज लांब—

ऑगस्टस, बोट घे तुझी— ऐक ना—

काठीचा बुंधा तळाच्या फळीत घुसतोय. पाणी. घोट्यापर्यंत— अजून फिरतोय, अजून—